पाच वेळा का?

चाकणच्या कारखान्यांत एखादा पार्ट ग्राहकाकडून परत आला, की त्याच्यावर चिडायचं नसतं. निदान आम्हाला तसं शिकवलेलं आहे. तो टेबलावर ठेवायचा, भोवती चार माणसं उभी करायची आणि विचारायचं, का? भोक तिरकं पडलं. का? पार्ट फिक्श्चरच्या पकडीत नीट बसला नव्हता. का? क्लॅम्प सैल होता. असं पाच वेळा विचारत खाली खाली जायचं. पाचव्या 'का'च्या तळाशी खरं कारण सापडतं, अशी आमची श्रद्धा. आमच्या पट्ट्यात देव न मानणारी माणसं भेटतील, पण हे न मानणारा क्वालिटीचा माणूस भेटायचा नाही. मी सगळी नोकरी यावरच केली. चांगली केली, असं म्हणतात.

हेच मी एकदा घरी केलं. माझ्या मुलीवर. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला माहीत आहे, कारण ती तेव्हा ओट्यापाशी उभी होती.

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी आयटीआय करून इकडे आलो, दापोडीत रेल्वेलाइनला लागून एका गल्लीत खोली घेतली. तिथंच संसार मांडला, तिथंच मुलगी झाली. एकच मुलगी. गल्लीत सगळे एकमेकांना भावा म्हणायचे, पोरीसुद्धा. मीही तिला लहानपणापासून तेच म्हणायचो. सेकंड शिफ्ट करून आलो की सकाळी मी अंथरुणात असायचो आणि ती शाळेला निघालेली असायची. मी पांघरुणातून हात वर काढायचो, "चला भावा." ती दारातून म्हणायची, "येतो राव." आणि दोघं हसायचो. मी फारसा बोलणारा माणूस नाही. आमच्यातलं बोलणं म्हणजे बहुतेक दिवस एवढंच. पण ते होतं.

ती नववीत जायच्या वेळी पिंपळे सौदागरला फ्लॅट झाला. मोठी सोसायटी, दोन लिफ्ट, गेटवर वॉचमन. शाळा बदलली. शाळेची बस गेटपाशी यायची. गच्चीवरून आमच्या सोसायटीसारख्याच दहा-बारा सोसायट्या दिसायच्या. मी गावाकडे फोन करून सगळ्यांना सांगितलं.

गेटच्या आत, सावलीला, प्लास्टिकची खुर्ची टाकून एक बाई बसायच्या. साठी ओलांडलेल्या, अंगानं जाड, नाकात मोठी नथनी. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्याच घरची, त्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळालेले. गेट आहे तिथं पूर्वी त्यांची विहीर होती म्हणे. कुणी विचारलं की सांगायच्या, "मी गेटावर न्हाई बसल्ये, माझ्या इहिरीवर बसल्ये." येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करणं हा त्यांचा उद्योग. मी कंपनीच्या बसमधून उतरलो की, "काय सायेब, आज किती डबडी तपासली?" मला ते आवडायचं नाही. सोसायटीच्या एका मीटिंगमध्ये मी उठून बोललोसुद्धा होतो की गेटवर खुर्ची टाकून बसणं बरं दिसत नाही. कुणी मनावर घेतलं नाही, खुर्ची राहिली. नंतर कितीतरी वेळा मला वाटून गेलं आहे, की माझं ऐकून तेव्हा ती खुर्ची हलवली असती तर.

नववीची दिवाळी झाली आणि एक दिवस मुलगी मला म्हणाली, "पप्पा, मला भावा म्हणू नका."

मी म्हटलं, "का रे भावा?" आणि हसलो.

ती हसली नाही. दप्तर उचलून गेली. पहिला 'का' तो असावा, आणि तो मी थट्टेत घालवला.

त्यानंतर ती बोलताना तोंडावर हात ठेवायला लागली. जेवतानासुद्धा डावा हात ओठाशी. सकाळी बसच्या वेळेला पोट दुखायचं, बस गेली की थांबायचं. बायकोच्या लक्षात आधी आलं. आमच्याकडे बायकांच्या वरच्या ओठावर लव असतेच. माझ्या आईला होती, बहिणीला आहे. मुलीची या वयात दिसायला लागली होती, एवढंच. दापोडीत कुणी वळून बघितलं नसतं. इथं बघितलं.

एका शनिवारी बायको म्हणाली, "अहो, तिला शाळेत पोरी त्रास देतात. तुम्ही बोला जरा तिच्याशी. नुसतं जवळ बसा."

"बघतो," मी म्हटलं. जवळ बसा म्हणजे नेमकं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेबलापाशी बसवलं आणि समोर बसलो. चांगल्या मनानं बसलो होतो, हे मला सांगायलाच हवं. मला खरंच वाटत होतं, की आपल्याला हे काम येतं. ऑफिसात मी बोटांवर मोजायचो, एकेक 'का' विचारला की एकेक बोट मिटायचं. तसाच हात टेबलावर उघडा ठेवला.

"काय होतंय नक्की?"

"बसमध्ये बसायला देत नाहीत."

"का?"

"सीटवर बॅगा ठेवतात. मी आले की ठेवतात."

करंगळी मिटली. बॅगेचं मला नवल वाटलं नाही. आमच्या कंपनीच्या बसमध्येही जागा ठरलेल्या असतात. खिडकी माझी, शेजारची जागा माझ्या दोस्ताची. तो पुढच्या स्टॉपला चढतो, तोवर मी तिथं माझी बॅग ठेवायचो. नवीन माणूस आला तर त्यानं उभं राहायचं. कुणाला त्याचं वाईट वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कधी.

"का ठेवतात?"

"मी बसू नये म्हणून."

"हो, पण का?"

"चिडवतात मला. चढले की सगळ्या ओरडतात, 'आला भाऊ, भावाला जागा द्या रे.' आणि देत नाहीत."

"आणि असं का म्हणतात?"

तिचा हात ओठाकडे गेला. तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही का, पप्पा?"

मला माहीत होतं. तिथं थांबायला हवं होतं. उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचं होतं फक्त, बायकोनं सांगितलं होतं तसं. पण अजून अंगठा उघडा होता आणि पाचवा राहिला होता.

"बरं, त्या म्हणतात तेव्हा तू काय म्हणतेस?"

"काही नाही."

"का?"

ती काही बोलली नाही. मी वाट बघितली. आमच्याकडे उत्तर आलं नाही की समोरच्याला वेळ देतात. मग मी अंगठा मिटला आणि म्हटलं, "हे बघ, सापडलं. तू काही बोलत नाहीस. तू गप्प बसतेस, म्हणून हे चालतं."

ओट्यापाशी बायकोच्या हातातलं भांडं वाजलं. मी माझ्या हाताकडे बघितलं नाही, पण मुलगी बघत होती. पाच बोटं मिटली होती, टेबलावर तिच्यासमोर माझी मूठ होती.

कारण सापडलं की आमच्याकडे दोन कामं करतात. हातातला माल दुरुस्त करायचा, आणि पुन्हा तसं होऊ नये अशी तजवीज करायची. तजवीज म्हणून मी तिला दोन-चार उत्तरं शिकवली. कुणी भाऊ म्हटलं की काय म्हणायचं, कसं ताठ उभं राहायचं. तिनं ती म्हणून दाखवली, पाठ केलेल्या कवितेसारखी. आणि दुरुस्तीचं म्हणाल तर बायकोला सांगून त्याच दुपारी तिला कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये पाठवलं. बायकोला ते पटलं नव्हतं. ती म्हणाली, "तिनं मागितलंय का?" मी म्हटलं, "कारणच काढून टाकलं तर प्रश्न कुठं उरतो?" मुलगी घरी आली तेव्हा ओठ लाल झाला होता, थोडा सुजलाही होता. मी म्हटलं, "छान." सोमवारी ती तशीच बसमध्ये चढली. बसमध्ये काय झालं ते मला पुढं दीड वर्षानं कळलं. कुणीतरी ओरडलं होतं, "भावानं दाढी केली!" आणि शाळा येईपर्यंत बस हसत होती. म्हणजे पूर्वी त्यांना नुसतं दिसत होतं. आता तिलाही लाज वाटते, हे त्यांना कळलं. ते मी कळवलं होतं.

मी मात्र रोज संध्याकाळी विचारायचो, "आज काही?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "नाही." पुढं रोज "नाही." महिनाभर "नाही" आल्यावर मी विचारणं बंद केलं. तक्रार संपली असं धरलं. घरात ती बोलायची कमी, पण अभ्यास करायची, वेळेवर निघायची, पोटात दुखत नव्हतं. बायकोला मी एकदा म्हटलंही, "बघ, झालं की नाही?" बायको उठून आत गेली.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. मी पेढे आणले. आणि त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मी अकरावीला लातूरला जाते. मामाकडे राहीन."

लातूरला शिकायला लोक लांबून येतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण लोक इकडून तिकडे नाही, तिकडून इकडे येतात, असं मी आयुष्यभर बघितलेलं. मी म्हटलं, "का? इथं कॉलेजं कमी आहेत का?"

ती खुर्चीत बसली होती. तिनं शांतपणे माझ्या हाताकडे बघितलं. "बोटांवर मोजणार का आता?"

मी उठलो. पेढ्यांचा बॉक्स घेऊन खाली गेलो. काहीतरी करायचं म्हणून वॉचमनला पेढा दिला. मग समोरून शाळेच्या बसचा ड्रायव्हर जाताना दिसला. तो मागच्या चाळीत राहायचा. मी त्याला थांबवलं, "घ्या, मुलगी पास झाली. दोन वर्षं नीट नेलीत-आणलीत."

त्यानं पेढा घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. "साहेब, तुमची मुलगी कुठं बसत होती माझ्या बसमध्ये? नववीतच सोडली तिनं. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल."

"मग शाळेत कशी जायची?"

"चालत. आक्कांबरोबर." त्यानं गेटकडे मान केली. "रोज दिसायच्या मला दोघी, रस्त्याच्या कडेनं. येताना पण आक्का शाळेच्या कोपऱ्यावर बसलेल्या असायच्या."

शाळा काही जवळ नव्हती. मोठ्या माणसाला अर्धा तास लागेल. मी बॉक्स तसाच हातात धरून खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. मला राग आला होता. कशाचा, ते आता सांगता येतं. मला न विचारता माझ्या घरातली गोष्ट दुसऱ्या कुणी सांभाळली होती.

"मावशी, माझी मुलगी बसनं जात नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय. माझ्यासंगं येत व्हती की."

"मग मला सांगायला नको?"

"तुमी इचारलं कवा?" त्या म्हणाल्या. "इचारायचं तर तुमचं कामच हाय म्हणं. समद्यास्नी इचारता. माझ्याजवळ मातुर डबड्याचं सोडून कवा उभं न्हाई राह्यला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला.

"बसा खाली. त्या कट्ट्यावर बसा. सांगते." मी बसलो. "ती पार्लरात जाऊन आली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिशी. बस आली. समद्या पोरी चढल्या, ही मागं राह्यली. बस गेली. मला वाटलं, आता ही घरी जाईल वर. तर ही वॉचमनकडं गेली अन् गच्चीची चावी मागाया लागली. अंगावर शाळेचा डरेस, पाठीला दप्तर, अन् म्हणती, गच्चीची चावी द्या."

समोरून कुणीतरी स्कूटर घेऊन आत आलं, त्याच्याकडे बघून त्यांनी हात केला.

"म्या काय इचारलं न्हाई तिला. म्हणलं, पोरी, माझं गुडघं धरल्यात. डॉक्टर म्हणतोय चाला, अन् एकटीला मला ह्या गाड्यांचं भ्या वाटतंय. चावी मागनं घे. आधी मला हात दे, शाळेच्या कोपऱ्यापातूर सोड. मोठ्या बाईला न्हाई कसं म्हणंल? आली. हात धरला माझा. लई घट्ट धरला व्हता, सायेब. माझं बोट दुखलं."

"आणि चावी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"न्हाई मागितली परत. दुसऱ्या दिशी ती खाली यायच्या आधी मी खुर्ची सोडून उभीच. म्हणलं, चल गं, तुझ्यावाचून माझा व्यायाम बुडतोय. मग रोजच. पह्यल्यांदा काय बोलायचीच न्हाई. मग बोलाया लागली, तर थांबंना. मलाच म्हणायची, आक्का, हळू, खड्डा हाय. जशी काय मीच शाळेत चालल्ये अन् ही माझी आई."

त्या हसल्या. त्यांच्या हनुवटीवर चार-पाच पांढरे राठ केस होते. इतकी वर्षं समोर बघून मी ते बघितले नव्हते.

"एक दिस माझ्या हनुवटीकडं बघून म्हणली, आक्का, तुमाला कुणी चिडवत न्हाई का? म्हणलं, चिडवणाऱ्या समद्या म्येल्या गं, केस हायेत अजून. तवा हसली. पह्यल्यांदा तवा हसली ती."

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. तिनं चावी का मागितली? त्यांना तो दिसला असावा. त्यांनी हात वर केला.

"त्ये नगा इचारू. मला बी नगा अन् तिला तर अजाबात नगा."

मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या खुर्चीपाशी ठेवला आणि वर गेलो. जिन्यानं गेलो, लिफ्टनं नाही. आमच्या मजल्यावर थांबायच्या ऐवजी वरपर्यंत गेलो. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. त्या कुलपाला हात लावून किती वेळ उभा होतो ते मला आठवत नाही. खाली आलो तेव्हा बायको दारात होती. तिला सगळं सांगितलं. ती जमिनीवर बसली. म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं होतं, नुसतं जवळ बसा." त्याच्यापेक्षा जास्त ती मला कधीही बोलली नाही, आणि त्याच्यापेक्षा कमी बोलली असती तरी चाललं असतं, इतकं ते पुरलं.

लातूरच्या गाडीत मुलीला बसवायला मी एकटाच गेलो. वाटेत रिक्षात मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होतो. चुकलं माझं, असं साधंच. तिची पेटी वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, आणि म्हटलं, "पोचल्यावर फोन कर." तिनं मान हलवली. गाडी सुटताना माझा हात वर गेला, सवयीनं. शब्द मात्र आला नाही. तो तिनं बंद केला होता, आणि त्या शब्दाशिवाय निरोप कसा द्यायचा ते मला येत नव्हतं.

तेव्हापासून ती फोन आईला करते. मला दोन वाक्यं. "बरे आहात?" "काळजी घ्या." आक्कांशी मात्र तासतासभर बोलायची, हे मला त्यांच्या सूनबाईंकडून कळलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. सहज, त्यांना काही माहीत नव्हतं म्हणून. "आईंचं ऐकतंय कोण हो? डॉक्टरांनी तेव्हाच चालायचं नाही म्हणून सांगितलं होतं. गुडघ्यांची पार वाट लावून घेतली. आम्ही म्हणायचो कुठं जाता रोज, तर म्हणायच्या, एका मैतरणीला सोबत लागते."

मी मान हलवली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

कंपनीच्या बसमध्ये मी आता बॅग मांडीवर घेऊन बसतो. पहिल्या दिवशी दोस्त चढला तर शेजारी एक नवीन मुलगा बसलेला. दोस्त ओरडला, "काय राव! माझी जागा घालवलीस? काय भाव मिळाला?" बसमधले हसले. मी म्हटलं, "माझी मांडी रिकामीच होती." त्याला ते विचित्र वाटलं. आठवडाभर तो माझ्यावर रुसला, मग दुसरीकडे बसायला लागला. यानं कुणाचं काही भलं झालं असेल असं मला म्हणायचं नाही. मुलीच्या बसमधली एकही बॅग त्यानं उचलली जात नाही.

आक्कांनी नंतर पिंपळे सौदागर सोडलं. धाकट्या मुलानं चाकणजवळ निघोज्यात जागा घेऊन कामगारांसाठी खोल्या बांधल्यात, त्याच्याकडे राहायला गेल्या. लिफ्ट आणि फरशा यांचा कंटाळा आला म्हणाल्या. आमची बस निघोज्यावरूनच जाते, त्यामुळे फर्स्ट शिफ्ट सुटली की मला त्यांचं अंगण रोज दिसतं. पुढं बाज टाकलेली, शेजारी तीच प्लास्टिकची खुर्ची. त्या दिसल्या की मी खिडकीतून हात करायचो. त्यांनी बघितलं तर त्याही करायच्या.

गेल्या थंडीत एक दिवस पुढं कंटेनर अडकला होता आणि बस त्या अंगणासमोरच थांबली. आक्का खुर्चीत होत्या. बाजेवर एक मुलगी बसली होती, पाय हलवत काहीतरी सांगत होती, आणि हसत होती. मोकळी, मान मागं टाकून. तोंडावर हात नव्हता. ती माझी मुलगी आहे हे कळायला मला एक क्षण लागला, कारण असं हसताना तिला मी दापोडी सोडल्यापासून बघितलं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी तिनं आईला सांगितलं होतं, परीक्षा आहे, एवढ्यात येणं होणार नाही.

कंटेनर हलला. बस निघाली. आम्ही वळण घेतलं तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "थांबव रे."

"इथं कुठं साहेब?"

"उतरतो. तुम्ही जा."

चालत मागं आलो. कंपनीचा युनिफॉर्म, हाताला ग्रीसचा वास. आक्कांनी आधी बघितलं. "आलं का सायेब! डबडी कुणावर सोपवली?"

मुलगी वळली. तिचं हसू थांबलं. मी आल्यामुळं थांबलं, हे मला दिसलं. तिचा डावा हात अर्धा वर आला, मग तिनंच तो खाली घेतला आणि बाजेच्या दोरीवर ठेवला. वरच्या ओठावरची लव होती तशीच होती. तिनं ती काढलेली नव्हती.

कधी आलीस? सांगितलं का नाहीस? घरी का आली नाहीस? आईशी खोटं का बोललीस? इथं येता येतं आणि तिथं का येता येत नाही? सगळे ओळीनं आले, मोजून पाचच. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि उभा राहिलो.

बसायला दुसरं काही नव्हतं. बाजेवर तिच्या शेजारी तिची सॅक होती. आक्का माझ्याकडे बघत होत्या, मग सुनेला हाक मारायला लागल्या, चहा टाक गं म्हणून. आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, एक दोन मिनिटं उभं राहावं आणि पुढच्या बसनं जावं. तेवढं मला जमलं असतं.

मग तिनं सॅक उचलून मांडीवर घेतली. माझ्याकडे न बघता. रस्त्याकडे बघत.

मी बसलो. बाज करकरली.

"फर्स्ट शिफ्ट?" तिनं विचारलं.

"हो."

चहा आला. तिनं आक्कांचा कप फुंकून त्यांच्या हातात दिला, त्यांचे हात थरथरतात आता. आक्का मला म्हणाल्या, "मास्तरीण होनार हाय म्हणं ही." मला हे माहीत नव्हतं. मी "बरं" म्हटलं. मुलगी म्हणाली, "बघू अजून." त्यानंतर त्या दोघी तिच्या मामाकडच्या एका मांजरीबद्दल बोलत राहिल्या, मी ऐकत राहिलो. चहा संपल्यावरही कप हातात धरून बसलो, कारण कप खाली ठेवला की उठावं लागलं असतं.

उठलो शेवटी. "येतो," म्हणालो. पुढचा शब्द जिभेवर आला, तो गिळला. थोडा थांबलो. मी कशाची वाट बघत होतो ते तिला कळलं असणार. ती काही बोलली नाही. आक्का म्हणाल्या, "सावकाश जावा, गाड्या लई हायेत."

त्या खेपेला ती घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच लातूरला परत गेली.

मी घरी पोचलो तेव्हा उशीर झाल्यामुळं बायको काळजीत होती. तिला सांगितलं, मुलगी भेटली, निघोज्यात, आक्कांकडे, हसत होती, शेजारी बसलो होतो. बायको पदर हातात धरून उभी.

"मग घरी का नाही आली?"

"मी विचारलं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं केलंत," म्हणाली. आणि आतल्या खोलीत जाऊन, दार न लावता, रडली. मी गेलो आणि तिच्याजवळ बसलो.